गोल्फचा ड्रायव्हर हातात फिरतो आणि चेंडू उजवीकडे जातो: पकड कुठून सुधारावी?

फेअरवे_शोधक

नमस्कार. मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो. माझा चेंडू बहुतेक वेळा उजवीकडे वळत जातो. ड्रायव्हरने (सर्वांत लांब क्लबने) सर्वांत जास्त, सहा-सात नंबरच्या आयर्नने (मधल्या पल्ल्याच्या क्लबने) त्याहून कमी आणि वेजने (जवळच्या फटक्यांच्या क्लबने) जवळजवळ नाहीच. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे उचलण्याच्या, वरच्या टोकाला क्लब हातात किंचित सरकल्यासारखा वाटतो आणि फटका पूर्ण झाल्यावर डाव्या हाताची शेवटची बोटे उघडलेली आढळतात. ग्लोव्हला नेहमी एकाच जागी भोक पडते: करंगळीच्या खाली, मनगटाजवळच्या मांसल भागावर. बाकीचा ग्लोव्ह तोवर अगदी चांगला असतो.

सोबत खेळणाऱ्या मंडळींनी डावा हात क्लबवर उजवीकडे फिरवून धरण्याचा सल्ला दिला. त्याने काही फटके सरळ जाऊ लागले, परंतु मधूनच एखादा चेंडू खालून, थेट डावीकडे असा जातो की तो उजवीकडचा स्लाइस परवडला. माझ्या शंका तीन आहेत. बोटे एकमेकांवर ठेवण्याची ओव्हरलॅप पकड सोडून बोटे गुंफणारी इंटरलॉक पकड घ्यावी का? क्लब नेमका किती घट्ट धरावा? आणि हे सगळे एकदम बदलायचे नसेल, तर सुरुवात कशापासून करावी?

सावकाश_स्विंग

तुमच्या वर्णनातला सर्वांत उपयोगी तपशील ग्लोव्हच्या भोकाचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. ग्लोव्ह त्या जागी झिजतो याचा अर्थ क्लबचे टोक त्या जागी घासते आहे, आणि ते घासते आहे याचा अर्थ क्लब तुमच्या डाव्या बोटांत नसून तळहातात आडवा पडलेला आहे. तळहातात धरलेल्या क्लबभोवती बोटे पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे तो कितीही आवळला तरी वरच्या टोकाला सुटतो. मनगटही मोकळेपणाने मोडत नाही, आणि ती उणीव भरून काढायला आपण नकळत बोटे उघडतो. म्हणून ओव्हरलॅप की इंटरलॉक हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. त्या दोन्ही पकडींचा फरक उजव्या हाताच्या करंगळीपुरता आहे, आणि तुमचे दुखणे डाव्या हातात आहे.

डावा हात असा ठेवून पाहा. क्लब जमिनीवर न टेकवता उजव्या हाताने समोर, कमरेच्या उंचीवर धरा, जेणेकरून क्लबफेसची, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूची, खालची कड सरळ उभी आहे की नाही हे डोळ्यांना दिसेल. पुष्कळ जण आधी हात जमवतात आणि मग क्लबफेस लक्ष्याकडे वळवतात. तसे केले की जमवलेली पकड तेवढ्याच अंशाने फिरते. आता डाव्या हातात क्लब अशा तिरक्या रेषेत येऊ द्या की तो करंगळीच्या मुळापाशी सुरू होऊन तर्जनीच्या मधल्या पेरावर बाहेर पडेल. बोटे मिटल्यावर करंगळीखालची ती मांसल गादी क्लबच्या बाजूला नव्हे, तर त्याच्या वर आली पाहिजे. क्लबचे बूड हाताबाहेर साधारण एक सेंटिमीटर उरू द्या. अगदी टोकाला धरल्यास गादीखाली आधारच राहत नाही.

याची खात्री करण्याचा एक उपाय आहे. मधले बोट, अनामिका, करंगळी आणि अंगठा क्लबवरून उचला. क्लब केवळ वाकवलेल्या तर्जनीवर टेकलेला आणि वरून गादीने दाबलेला असा तोलून राहिला, तर तो योग्य जागी आहे. तो लगेच निसटू लागला, तर तो अजून तळहातात आहे. हे घरबसल्या, चेंडूशिवाय करून पाहता येते.

अंगठा क्लबच्या अगदी मधोमध न ठेवता वरून पाहताना थोडा उजवीकडे ठेवा आणि तो लांब ताणू नका. ताणलेल्या अंगठ्यामुळे क्लब वरच्या टोकाला गरजेपेक्षा जास्त मागे पडतो. अंगठा अर्धा सेंटिमीटर मागे ओढून तर्जनीच्या बाजूला चिकटवला की तोच अंगठा वर क्लबला खालून आधार देतो.

आता हात उजवीकडे फिरवण्याविषयी. चेंडूला आघात होताना डावा हात आपल्या स्वाभाविक, लोंबकळत्या अवस्थेकडे परत येऊ पाहतो. पकडताना तुम्ही तो त्या अवस्थेपेक्षा जास्त डावीकडे फिरवून धरला असेल, तर आघाताच्या वेळी तो परत येताना क्लबफेस उघडतो, म्हणजे उजवीकडे रोखतो, आणि चेंडू उजवीकडे वळतो. जास्त उजवीकडे फिरवला असेल, तर क्लबफेस बंद होतो, म्हणजे डावीकडे रोखतो, आणि हुक, म्हणजे डावीकडे वळणारा फटका, लागतो. ती स्वाभाविक अवस्था प्रत्येकाची निराळी असते. सैल उभे राहून हात लोंबू द्या आणि डाव्या मुठीचे किती नकल (बोटांच्या मुळाशी असलेले सांधे) समोरून दिसतात ते आरशात पाहा. बहुतेकांना दोन ते अडीच दिसतात, काहींना तीन. तुमच्या हाताचा जो कोन असेल, तोच क्लबवर ठेवण्यापासून सुरुवात करावी. मोजताना मान तिरकी करू नका आणि मुठी पुढे ढकलू नका, कारण त्या दोन्हींमुळे एखादा नकल जास्त दिसतो आणि माणूस समजतो की आपली पकड सुधारली.

तीन_वूड

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु हातांना दोष देण्याआधी एकदा रबराकडे, म्हणजे क्लबच्या दांड्यावरच्या ग्रिपकडेही पाहावे असे मी सुचवतो. प्रश्नकर्त्यांनी स्वतःच म्हटले आहे की दोष ड्रायव्हरमध्ये सर्वांत जास्त आहे. लांब शाफ्ट (दांडा) आणि कमी लॉफ्ट (क्लबफेसचा मागे कललेला कोन) यांमुळे उघडा क्लबफेस ड्रायव्हरमध्ये अधिक उघडा पडतो, हे खरेच. तरी आणखी एक कारण असू शकते. आजकालच्या बऱ्याच ड्रायव्हरमध्ये शाफ्टच्या टोकाची कडी पान्याने फिरवून लॉफ्ट बदलता येतो आणि त्यातल्या काही रचनांमध्ये ती कडी फिरवताना शाफ्टही सोबत फिरतो. शाफ्ट फिरला की त्यावरची ग्रिप फिरते. ग्रिपच्या पाठीमागे उभी बारीक धार असेल, तर ती आता भलत्याच ठिकाणी येते. बोटांना त्या धारेची सवय असल्याने हात तिच्यामागे जातात आणि क्लबफेस आपल्याला न कळता वाकडा धरला जातो. तुमच्या ड्रायव्हरची सेटिंग कोणी बदलली असेल, तर ग्रिपवरचे चिन्ह आणि धार कुठे आहे ते तपासा. असा ड्रायव्हर सतत बदलणाऱ्यांनी धार नसलेली, पूर्ण गोल ग्रिप बसवावी.

दुसरी गोष्ट जाडी. ग्रिपच्या वरच्या टोकापासून दोन इंच खाली मोजल्यास साधारण मापाच्या ग्रिपचा व्यास 0.9 इंच भरतो, मध्यम जाडीच्या ग्रिपचा त्याहून 1/16 इंच जास्त. ग्रिपखाली टेपचा एक जादा थर दिला की व्यास सुमारे 1/64 इंच वाढतो, म्हणजे पूर्ण माप न बदलताही थोडीफार जाडी वाढवता येते. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकले, तर माप बरोबर आहे. टोके रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, आणि फट राहत असेल तर जाड. बारीक ग्रिपमुळे हुक आणि जाड ग्रिपमुळे स्लाइस होतो, असे सर्रास सांगितले जाते. माझ्या मते वळणावरचा इलाज म्हणून जाडी बदलू नये, हाताला बसते म्हणून बदलावी.

आणि रबर जुने झाले असेल, तर वरची कुठलीही सूचना लागू पडणार नाही. अंगठ्याखाली ग्रिप चकचकीत दिसत असेल, नखाने दाबल्यावर ती कडक लागत असेल, तर ती घामाच्या तेलकटपणाने आणि उन्हाने मेलेली आहे. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी घासून, पुसून, सावलीत वाळवल्यावर पुष्कळ ग्रिप पुन्हा हाताला लागतात. तेवढ्याने भागले नाही, तर बदला. वर्षातून एकदा किंवा साधारण चाळीस फेऱ्यांनंतर ग्रिप बदलावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. घरी बदलत असाल, तर ग्राफाइट शाफ्टवर साध्या सुरीने ग्रिप कापू नका. आकड्यासारखे पाते वापरा, त्याचा वार स्वतःपासून दूर ठेवा, आणि नवी ग्रिप सरकवल्यानंतर तिच्यासाठी लावलेले द्रावण पूर्ण वाळेपर्यंत, शक्य तर रात्रभर, क्लबला हात लावू नका.

फेअरवे_शोधक

आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. ड्रायव्हरचा लॉफ्ट मध्यंतरी खरोखरच बदलला होता आणि ग्रिपवरचे चिन्ह आता थोडे डावीकडे वळलेले दिसते. ते दुरुस्त करून घेतो. तर्जनीवर तोलण्याची चाचणी मात्र आयर्नवरही जमली नाही, तेव्हा दोष केवळ ड्रायव्हरचा नाही. बोटांत क्लब घेतल्यावर तो इतका हलका आणि असुरक्षित वाटतो की आपोआप मूठ आवळली जाते. शिवाय डावीकडे जाणाऱ्या त्या खालच्या फटक्याचे कोडे सुटलेले नाही.

आठवा_आयर्न

ते कोडे मी सोडवून पाहतो. ज्याचा चेंडू बराच काळ उजवीकडे वळतो, तो हळूहळू डावीकडे नेम धरू लागतो आणि क्लबही बाहेरून आत, म्हणजे डाव्या दिशेने ओढू लागतो. उघडा क्लबफेस आणि डावीकडचा ओढा यांची बेरीज होऊन चेंडू कसाबसा मैदानात राहतो. आता पकड सुधारली की क्लबफेस सरळ किंवा थोडा बंद येतो, पण डावीकडे ओढण्याची सवय तशीच उरते. परिणामी चेंडू डावीकडे सुटतो, वर आणखी डावीकडे वळतो, आणि बंद क्लबफेसचा लॉफ्ट कमी झाल्यामुळे खालून जातो. तुम्हाला दिसतो तो फटका हाच. तो पकड चुकल्याचा पुरावा नसून बहुधा जुनी भरपाई आता अनावश्यक झाल्याचा आहे. अशा वेळी लोक घाबरून जुन्या पकडीकडे परततात आणि दोन्ही दोष पदरात पाडून घेतात. नेम आणि खांद्यांची रेषा पुन्हा सरळ करा. जमिनीवर एक क्लब लक्ष्याच्या दिशेला समांतर ठेवून सराव केलात, तर आपण किती डावीकडे उभे राहत होतो ते दिसेल.

मात्र डावा हात उजवीकडे फिरवण्यालाही मर्यादा आहे. हुकने हैराण झालेले नामवंत खेळाडू बेन होगन यांनी आपला हात उलट दिशेला, म्हणजे कमकुवत मानल्या जाणाऱ्या पकडीकडे नेला. दुसरीकडे बर्नहार्ड लँगर यांचा डावा हात चांगलाच उजवीकडे फिरलेला असे, आणि त्यांनी 1985 व 1993 मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. म्हणजे दोन्ही टोकांना उत्तम खेळ होऊ शकतो. पण त्या पकडीशी जुळणारा स्विंगही त्यांच्याकडे होता. आपल्यासारख्यांनी मध्याजवळ राहून चिमूटभर बदल करावा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पडणारी रेघ हनुवटी आणि उजवा खांदा यांच्या दरम्यान कुठेतरी रोखलेली असावी, आणि दोन्ही हातांच्या रेघा एकमेकींना समांतर असाव्यात. एका हाताची रेघ खांद्याकडे आणि दुसऱ्याची डाव्या कानाकडे असेल, तर ते दोन हात फटकाभर एकमेकांशी भांडत राहतात.

सावकाश_स्विंग

घट्टपणाविषयी. एक ते दहाच्या मोजपट्टीवर चार धरा, पाच धरा, असे आकडे सांगितले जातात. माझा त्यांवर फारसा विश्वास नाही, कारण एकाचा चार दुसऱ्याचा सात असतो. दोन गोष्टी आकड्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत: दाब कोणत्या बोटांत आहे, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो का. डाव्या हातात तो शेवटच्या तीन बोटांत असावा आणि उजव्या हातात मधले बोट व अनामिका यांत. उजवा अंगठा आणि उजवी तर्जनी यांनी क्लबला फक्त स्पर्श करावा. ही दोन बोटे आवळली की कोपरापर्यंतचे स्नायू ताठ होतात, उजवा खांदा पुढे येतो आणि क्लब बाहेरून आत ओढला जातो. आपल्याला फोड येतात का, आणि येत असतील तर कुठे, हेही बघा. उजव्या अंगठ्याच्या पोटावर फोड येत असेल, तर ही चिमटी आवळली जात असण्याची दाट शक्यता आहे.

यासाठी एक सराव सांगतो. आठ नंबरचा आयर्न घ्या, नेहमीसारखी पकड जमवा, मग उजवा अंगठा आणि तर्जनी ग्रिपवरून पूर्ण उचला आणि अर्ध्या स्विंगने छोटे फटके मारा. पहिले काही फटके विचित्र वाटतील. नंतर लक्षात येते की क्लब सुटत नाही, आणि तो सुटत नसल्याची जाणीव झाली की आवळण्याची भीती आपोआप ओसरते. तुम्ही म्हणता ती असुरक्षितता वर्णनाने जात नाही, ती अशानेच जाते. याच्या जोडीला, उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मुळाशी असलेल्या बेचक्यात लाकडी टी (चेंडू ठेवायची खुंटी) अडकवून स्विंग करून पाहा. वरच्या टोकाला टी गळून पडली, तर तिथे हात उघडतो आहे.

उजवा हात ठेवताना त्याच्या तळव्यातली आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर बरोबर बसली पाहिजे. ती बसली की दोन्ही हात एकच मूठ होतात. करंगळीचे काय करायचे, हा प्रश्न तुम्ही सर्वांत आधी विचारला होता आणि तो मुद्दामच शेवटी घेतो. हॅरी व्हार्डन यांच्या नावाने ओळखली जाणारी ओव्हरलॅप पकड त्यांच्या आधी जॉनी लेडले वापरत असत. व्हार्डन यांनी सहा वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकल्याने ती सर्वदूर पोहोचली. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स यांची पकड इंटरलॉक आहे. हात लहान असतील किंवा बोटे आखूड असतील, तर इंटरलॉक सोयीची जाते. पण तिच्यात एक धोका आहे: बोटे बेचक्यापर्यंत खोल गुंफली की उजवा हात क्लबच्या खाली सरकतो आणि क्लब पुन्हा तळहातात जातो. फक्त पहिल्या-दुसऱ्या पेरापर्यंत गुंफा. ज्यांच्या हातात जोर कमी आहे किंवा सांधे दुखतात, त्यांनी दहाही बोटे क्लबवर ठेवण्यात कमीपणा मानू नये. तुमची ओव्हरलॅप सवयीची आहे, तेव्हा ती तशीच राहू द्या.

क्रमाविषयी: आधी चेंडूशिवाय, दिवसातून अनेकदा क्लब उचलून पकड जमवायची आणि सोडायची, तेही न पाहता जमेपर्यंत. मग वेजने छोटे फटके, मग आठ नंबर. ड्रायव्हर सर्वांत शेवटी. नवी पकड घेऊन थेट ड्रायव्हर उचलणारा माणूस पहिल्या वाकड्या फटक्याला जुन्या पकडीत शिरतो.

नियमावली_वाचक

सरावासाठी बोटांचे खाचे पाडलेली ग्रिप मिळते, आणि तिचा उल्लेख इथे निघण्याआधीच एक सूचना देऊन ठेवतो. ती सरावाच्या जागी वापरायला हरकत नाही, परंतु गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या नियमांप्रमाणे पटर (चेंडू भोकाकडे घरंगळवण्याचा क्लब) सोडून इतर क्लबची ग्रिप गोल छेदाची असावी लागते. तिच्यावर पूर्ण लांबीची, सरळ आणि किंचित उंचावलेली धार चालते, बोटांचे साचे चालत नाहीत. अशा क्लबने फेरीत फटका मारला, तर खेळाडू अपात्र ठरतो. साधा ग्लोव्ह, रोझिनची (राळेची) पावडर आणि हात पुसायचा टॉवेल यांना मात्र पूर्ण मुभा आहे. ग्लोव्ह घातलाच पाहिजे असेही नाही. फ्रेड कपल्स ग्लोव्हशिवायच खेळतात आणि त्यांनी 1992 ची मास्टर्स तशीच जिंकली.

ग्लोव्ह घालणार असाल, तर तो तळव्यावर सुरकुती न पडेल इतका घट्ट घ्या. नवा असताना पट्टी पूर्ण मिटत असेल, तर तो थोड्याच दिवसांत सैल पडेल.

फेअरवे_शोधक

एकच शेवटची शंका. हीच बोटांतली पकड पटरलाही लावावी का? तिथे मला काही अडचण नाही, पण सर्व क्लबना एकच पकड असली तर लक्षात ठेवायला सोपे जाईल असे वाटले.

आठवा_आयर्न

नको. बोटांत क्लब घेण्याचा हेतू मनगट मोकळे करणे हा आहे, आणि पटिंग करताना बहुतेकांना नेमके मनगट शांत ठेवायचे असते. म्हणून तिथे पटरचा दांडा तळहातातून, आयुष्यरेषेवरून जाऊ दिला जातो, म्हणजे तो आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतात. दोन्ही अंगठे ग्रिपच्या वरच्या सपाट बाजूवर सरळ ठेवतात, आणि पुष्कळ खेळाडू उजव्या करंगळीऐवजी डावी तर्जनी उजव्या बोटांवर आणतात. पटरच्या ग्रिपला गोल नसण्याची नियमांत जी सवलत आहे, तिच्यामुळेच ती सपाट बाजू मिळते. अडचण नसेल, तर पटरला हात लावू नका.